नुसतं ‘बस’

उन्हाळ्याच्या कामांत कूलरची खस बदलणं मी सगळ्यात आधी उरकते. आज बदलली, पंप सुरू केला आणि ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला.

भोपाळला बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये, पंधरा वर्षांची असताना, मी याच वासात दुपारभर फरशीवर पडून असायचे. आदल्या वर्षापर्यंत सायकल, मैत्रिणी, कैऱ्या, सगळं आवडायचं. त्या उन्हाळ्यात कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. दुःखही नव्हतं.

“काय गं, खूश आहेस ना?” आईनं दारातून विचारलं.

“बस,” मी म्हटलं. शाळेत सगळ्या म्हणायच्या तसं, हिंदीतलं. म्हणजे चाललंय आपलं.

आई पदराला हात पुसत आली आणि माझ्याशेजारी बसली.

“अगं, तसं बस नाही.”

“आता बसले ना. सरक जरा, मलाही वारा लागू दे.”

कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी ती उठली नाही. हिला एवढंही हिंदी कळत नाही, असं मनात म्हणत मी डोळे मिटले.

आई तर लग्न झाल्यापासून भोपाळमध्ये होती. शेजारणींशी दिवसभर हिंदीतच बोलायची.