मिराबाईनं बटण दाबलं नव्हतं

करुणा खिल्लारेचं दुकान गोरेगावच्या बाजारात. मिक्सर, पंखे, रेडिओ, फवारणीचे पंप, येईल ते दुरुस्त करायचं. वीस वर्षं झाली, तरी नवं गिऱ्हाईक आत डोकावून विचारतंच, "मेकॅनिक कुठंय?" "हे काय, तुमच्यासमोर बसून राहिलाय," ती म्हणते आणि हातातलं काम खाली ठेवत नाही.

एके दिवशी सिद्धेश्वर धरणावरून पद्माबाई आली, पोत्यात गुंडाळलेली होडी घेऊन. पद्माबाई धरणावर पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्या बायकांच्या गटाची प्रमुख. होडी हातभर लांब, खेळण्यासारखी, रिमोटवर चालणारी. पोटात माशांचं खाद्य भरायचं, काठावरून होडी पिंजऱ्यापर्यंत न्यायची आणि दुसरं बटण दाबलं की तळाचं झाकण उघडून खाद्य पडतं. पण महिनाभर झाकण अर्ध्या वाटेतच उघडत होतं. खाद्य धरणात, पिंजऱ्यातले मासे उपाशी.

"कंपनीचा माणूस आला व्हता. टेबलावर ठिवून झाकणाचं बटण दाबलं, बराबर चाललं. मंग रजिस्टरात लिवलं, चालवणारीची चूक. तांड्यावरच्या मिराबाईकडं रिमोट असतो ना. म्हनला, ह्या बायांना बटण कळत न्हाई."

"आन् मिराबाई?"

"पंधरा दिस झाले, पाण्यावर आलीच न्हाई. घरचेबी तिलाच बोलून राहिले."

करुणाची कानशिलं तापली. पाण्यात बिघडणारी वस्तू टेबलावर तपासायची आणि दोष बाईच्या बोटावर ढकलायचा!

तिनं दुकानामागची पाण्याची टाकी भरली, होडी त्यात सोडली आणि हातानं धरून ठेवली. होडीला पुढं ढकलणारा पंखा बंद असताना झाकण सांगितल्यासारखं वागलं. पंख्याची मोटार सुरू केली मात्र, झाकण चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा लाल दिवा फडफडला आणि झाकण धाडकन उघडलं. रिमोट शेजारच्या कट्ट्यावरच होता, तिनं फक्त मोटारीचं बटण दाबलं होतं. झाकणाच्या बटणाला कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता.

"बघितलं?" ती पद्माबाईला म्हणाली. "आता ह्यात कुनाचं बोट हाय?"

बॅटरी कमी पडत असेल म्हणून तिनं रिमोटचे हुकूम पकडणाऱ्या रिसीव्हरला वेगळी बॅटरी लावली. तरी तेच. मग होडीच्या वरच्या आवरणाचे स्क्रू काढले. रिसीव्हरची अँटेना गुंडाळून मोटारीच्या वायरींनाच बांधून टाकली होती. मोटारीची खरखर शोषून घेणारा कपॅसिटर तिच्यावर एकही नव्हता. जुन्या मिक्सरनं रेडिओत खरखर यावी, तशी मोटारीची खरखर रिसीव्हरात शिरत होती आणि स्विच तिलाच हुकूम समजत होता.

"चार पैशांचा भाग वाचवला मेल्यांनी," ती पुटपुटली. अँटेना सोडवून प्लास्टिकच्या नळीत उभी केली. दिवा कमी फडफडला, पण थांबला नाही. मोटारीवर तीन कपॅसिटर सोल्डर केले, तेव्हा थांबला. तासभर मोटार चालवली. झाकण हललं नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस धरणावर येणार होता. दुकान बंद ठेवून करुणाही गेली. मिराबाईला पद्माबाईनं घरून ओढून आणलं होतं, ती मागं पदर धरून उभी होती.

साहेबानं होडीवर नजर टाकली. "ही उघडलीय कोणी? वॉरंटी संपली, मॅडम."

"संपू द्या," करुणा म्हणाली. "गटाकडं दुसरी होडी हाय ना, अजून खोक्यातली? सील तुमीच फोडा. खाद्य भरून तुमीच चालवा."

तो हसला. सील फोडलं, होडी पाण्यात सोडली, रिमोट हातात घेतला. होडी वीस-पंचवीस हात गेली असेल नसेल, तोच झाकण उघडलं आणि खाद्य पाण्यावर पसरलं.

कुणी हसलं नाही. करुणा त्याच्याजवळ गेली.

"साहेब, बटण दाबलं का तुमी?"

"नाही."

"मंग काहून पडलं?"

तिनं रजिस्टर पुढं केलं. त्यानं लिहिलं, 'तांत्रिक बिघाड आढळला.'

"अन् मागचं? 'चालवणारीची चूक' हे काहून ठिवता? ते खोडा. खाली सही करा."

"अहो, एवढं काय..."

"एवढं काय? तीन आठवडे एका बाईनं घराच्या बाहेर पाय टाकला न्हाई. एवढंच!"

त्यानं रेघ मारली, सही केली. मिराबाईकडं बघून एक शब्दही बोलला नाही. दोन्ही होड्यांची पाहणी करतो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

"माफी तरी मागायची," पद्माबाई म्हणाली.

मिराबाईनं मागून पहिल्यांदाच तोंड उघडलं. "त्याची माफी घेऊन मी काय करू? मासे उपाशी हायेत." तिनं दुरुस्त केलेली होडी उचलली, खाद्य भरलं आणि पाण्याकडं निघाली.

करुणा मात्र परतीच्या जीपमध्येही धुमसत होती. असल्या किती होड्या कुठकुठल्या धरणांवर गेल्या असतील, आणि प्रत्येक ठिकाणी कुणाला वेडं ठरवलं असेल? घरी जाऊन तिनं कंपनीला पत्र लिहिलं, अँटेना कुठं बांधली, कपॅसिटर कुठं नव्हते, सगळं. दोन महिने झाले. उत्तर आलेलं नाही. तिनं दुसरं पत्र धाडलंय.