रियाध ते राबिघ: एकच गाणं, बावीस गळे

आमच्या घरात सहलीचे बेत वर्षभर आखले जातात आणि ऐनवेळी रद्द होतात. ही सहल मात्र एका फोनवर ठरली. थंडी सुरू झाली होती, शुक्रवारची सकाळ होती आणि मी इडल्या लावल्या होत्या. राबिघहून नझीरभाईंचा फोन आला. मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

"मिल्या, माझा फायनल एक्झिट लागला. खलास. आता कायमचा गावाला चाललो. त्याच्या आधी ये आनि आपलं गाणं म्हण."

"बघू," मिलिंद म्हणाला.

आमच्या नाशिककडे 'बघू' म्हणजे सभ्य माणसाचं 'नाही'. पण नझीरभाई रत्नागिरीच्या खाडीकाठचे. त्यांना ते 'हो'च ऐकू आलं.

'आपलं गाणं' म्हणजे काय, ते आधी सांगते. लग्नाआधी मिलिंद जेद्यात नोकरीला लागला, तेव्हा तो आणि नझीरभाई एका खोलीत राहत होते. सामानात एक टेपरेकॉर्डर आणि एकच धड कॅसेट. तीत अमेरिकेतल्या काळ्या गायकांची जुनी गाणी होती, ज्यांना सोल म्हणतात. चर्चमध्ये देवाला घालायची साद या लोकांनी प्रेयसीला घातली आणि त्यातून हे संगीत झालं, असं मिलिंद सांगतो. त्यातलं एक गाणं दोघांनी जन्मभरासाठी धरलं. दूरदेशी राबणारा माणूस बायकोला सांगतोय: दारातला दिवा मालवू नकोस, मी घरी येतोय. गाण्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. दिलं तर खाली कमेंटमध्ये 'खरं व्हर्जन कुठलं' यावर तुमची जुंपेल, आणि ती भांडणं मी घरी पुरेशी ऐकली आहेत.

कारण हे गाणं एकाचं नाहीच. सोलमधली अशी काही गाणी आहेत, जी प्रत्येक गायकाला एकदा तरी स्वतःच्या गळ्यातून काढावीशी वाटतात. गणपतीत एकच आरती आळीतल्या दहा घरांत दहा चालींवर चालते आणि प्रत्येक घराला आपलीच चाल खरी वाटते, तसंच हे. मिलिंदकडे या गाण्याची बावीस व्हर्जन्स आहेत.

तेविसावं त्याचं स्वतःचं होतं. रियाधच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत दरवर्षी ठरलेलं. 'मी घरी येतोय' ही ओळ सगळ्यांत वरच्या सुरात आहे. तिथे मिलिंद डोळे मिटायचा, टाचा उचलायचा आणि बायका माझ्याकडे सहानुभूतीनं बघायच्या. त्या ओळीच्या आधी तो जिभेनं 'खट्' असा एक आवाज काढायचा. मला वाटायचं, ही त्याची स्टाईल.

गेल्या वर्षी त्याच्या थायरॉईडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज बदलला. बोलताना थोडा घोगरा येतो, इतकंच. वरचे सूर मात्र गेले. दिवाळीत त्यानं घसा बसल्याचं सांगितलं. बाथरूममधून नुसता पाण्याचा आवाज येऊ लागला. ज्या गाण्याला मी वीस वर्षं नावं ठेवली, ते बंद झाल्यावर मला घर ओकंओकं वाटायला लागलं. पण तो विषय काढत नव्हता, म्हणून मीही काढत नव्हते.

तर, सईला शाळेची सुट्टी लागली आणि आम्ही निघालो. सई आमची मुलगी, अकरावीत आहे. तिच्याशी आम्ही मराठीत बोलतो आणि ती सोयीच्या भाषेत उत्तर देते. मिलिंदनं सामानात एक मोठा स्पीकर ठेवला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"नझीरकडे लावू. बावीसमधलं सगळ्यांत चांगलं व्हर्जन निवडतो वाटेत."

म्हणजे गडी गाणार नव्हता. मी डब्यात आणखी चार पराठे टाकले.

जाणाऱ्यांसाठी: रियाधहून ताईफपर्यंतचा रस्ता उत्तम आहे आणि कंटाळवाणाही. पहाटे निघा, रियाधच्या ओलाया भागातली गाड्यांची रांग लागायच्या आत शहराबाहेर पडा. साहेर, म्हणजे वेगाचे कॅमेरे, कुठेही असतात, त्यामुळे हिरोगिरी नको. मोठा पेट्रोलपंप दिसला की टाकी भरून घ्या, पुढचा कधी येईल याची खात्री नाही. स्वच्छतागृहांबद्दल मी इतकंच म्हणेन की टिश्यू आपले आपण न्या.

गाडीत व्हर्जन्स सुरू झाली. पहिलं संथ, मागे ऑर्गन. दुसरं एका बाईचं. बाईनं गाणं जसंच्या तसं ठेवलंय, पण तिच्या तोंडी 'मी येतोय' हे असं येतं की ती त्या माणसाची नक्कल करून दाखवतेय आणि पुढे विचारणार आहे, "हे तू मागच्या वर्षीही म्हणाला होतास ना?" मला ते फार आवडलं. तिसऱ्यात इतकी पिपाण्या-तुताऱ्यांची गर्दी की वरात निघाल्यासारखं वाटावं. पुढच्यात वरच्या ओळीला गायक गप्प बसतो आणि सॅक्सोफोन ती ओळ म्हणतो. त्याच्या पुढच्यात मागे साथ देणाऱ्या पोरी म्हणतात. एकानं तर ती नुसती कुजबुजली होती.

मिलिंद प्रत्येक गाणं त्या ओळीपर्यंत ऐकायचा आणि ती झाली की पुढे ढकलायचा. माझी ट्यूब जरा उशिरानं पेटली. तो चांगलं व्हर्जन निवडत नव्हताच. ती ओळ न गाता गाणं कसं पार पाडायचं, ते शोधत होता.

"बाबा, सीरियसली, ये सब सेम गाना है," मागून सई.

"सेम नाहीये. नीट ऐक."

"कान है मेरे पास."

अर्ध्या वाटेवर एका पंपाशी चहाला थांबलो. दूध आटवलेला, वेलची घातलेला कडक चहा, दोन-तीन रियालमध्ये जीव परत आणणारा. गाडीची दारं उघडी, गाणं चालू. चहावाला केरळचा. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि काळजीनं म्हणाला, "साब, कबसे एक ही गाना बज रहा है. मशीन अटक गया क्या?"

सई इतकी हसली की तिचा चहा सांडला. मिलिंदनं त्याला बावीस गायकांचा फरक समजावून सांगितला. चहावाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आणखी एक चहा फुकट दिला. बहुधा दया आली असावी.

ताईफला मुक्काम केला. हवा गार असते, स्वेटर न्या. सकाळी हदाचा घाट उतरलो. वळणं अशी की मिलिंदनंसुद्धा गाणं बंद केलं. घाटात माकडं आहेत, आमच्या गाडीजवळ येऊन एकानं सईच्या हातातलं चिप्सचं पाकीट अलगद नेलं. उतरल्यावर मक्केकडे जाणारा रस्ता सोडून जेद्याचा वळणरस्ता घ्यावा लागतो. मुस्लिम नसलेल्यांना पुढे जाता येत नाही. बोर्ड मोठे आहेत, पण लेन आधीपासून धरा.

जेद्यात मिलिंदला त्यांची जुनी खोली दाखवायची होती. आम्ही तासभर फिरलो. इमारत नव्हती, आणि तो म्हणत होता ती गल्लीही नव्हती. एका मोकळ्या जागेसमोर उभं राहून तो म्हणाला, "इथेच असावी." सईनं फोटो काढला. फोटोत मिलिंद आणि मागे धूळ. मग मासळीबाजारात गेलो. मासा आपण निवडायचा, तो वजन करून तिथेच तळून देतात. तिघांचं पोट शंभर रियालच्या आतबाहेर भरतं. नाशिकच्या माणसाला काटे काढायला नझीरभाईंनी शिकवलं, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी अल-बलदमध्ये, जुन्या लाकडी सज्ज्यांच्या घरांमध्ये, एका कॅफेच्या गच्चीवर बसलो. कॉफीचे दर रियाधसारखेच, म्हणजे बसायच्या आधी विचार करा. एक सौदी तरुण गिटार घेऊन इंग्रजी गाणी म्हणत होता. सईनं वडिलांना न विचारता जाऊन त्याच गाण्याची फर्माईश केली. पठ्ठ्याला गाणं येत होतं! छान म्हटलं. वरची ओळ आली तशी त्यानं माईक लोकांकडे फिरवला आणि गच्चीवरच्या पोरापोरींनी ती ओरडून म्हटली.

"चीटिंग आहे ही," मिलिंद म्हणाला. पण त्याचे ओठ हलले होते. आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी राबिघ. जेद्याहून उत्तरेला दोन तासांचाही रस्ता नाही, डावीकडे मधूनमधून समुद्र. बघण्यासारखं काय आहे म्हणाल तर वारा, शांत किनारा आणि रिफायनरीच्या चिमण्या. पर्यटक इथे सहसा येत नाहीत. आमच्यासारखे कोणासाठी तरी येतात.

नझीरभाई रिफायनरीला माल पुरवणाऱ्या एका कंपनीत होते. घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे खोकी. रुकय्याभाभींनी माझ्या हातात सांदणांचं ताट दिलं आणि मिलिंदकडे बघून विचारलं, "भाऊजी, गायला आलाव की नुस्ते जेवायला?"

"बघू," मिलिंद पुन्हा म्हणाला.

संध्याकाळी निरोपासाठी त्यांनी इस्तिराहा घेतली होती. भिंतीचं कुंपण, आत हिरवळ, एक मोठी खोली, अशी जागा इथे दिवसाच्या भाड्यानं मिळते. कोकणातली पंधरावीस मंडळी, दोन पुणेकर इंजिनिअर, मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या. जेवणं झाली. नझीरभाई म्हणाले, "चला मिल्या."

मिलिंदनं स्पीकर काढून मधोमध ठेवला.

"ह्यो डबा कसला?"

"बावीसमधलं सर्वांत भारी व्हर्जन लावतो. ऐक तर खरं."

"मला डबा नाय ऐकायचा. तो मी गावाला पन ऐकीन."

मिलिंद थोडा वेळ स्पीकरची वायर गुंडाळत बसला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "नझ्या, ऑपरेशननंतर आवाज गेला रे माझा. ती वरची ओळ लागत नाही. प्रयत्न केलाय. नाही लागत."

गेलं वर्षभर हे वाक्य त्यानं मला सांगितलं नव्हतं. मला राग आला आणि त्याच वेळी त्याचा हात धरावासा वाटला.

"कंची वरची ओळ?" नझीरभाईंनी विचारलं.

"मी घरी येतोय, ती."

"ती आपल्या गाण्यात हायच कुठं?"

मिलिंदनं गुंडाळलेली वायर खाली ठेवली.

"मेल्या, इसरलास? टेपनं रीळ खाल्लं व्हतं ना! तेवढा चुरगाळलेला तुकडा मी ब्लेडनं कापला आनि चिकटपट्टी लावली. दिवा मालवू नकोस, मग खट्, मग थेट पुढचं कडवं. दोन वरसं आपन तसंच म्हनायचो. ती वरची ओळ तुला मागनं नेटवर घावली आनि तू शाना झालास."

मिलिंदचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. वीस वर्षं मी ज्याला स्टाईल समजत होते, ती चिकटपट्टी होती. आणि मिलिंद स्वतःच ते विसरून गेला होता. जीभ तेवढी विसरली नव्हती.

मग तो गायला. बसूनच, खालच्या पट्टीत, टाचा न उचलता. आवाज घोगरा होता, जागोजागी फाटत होता. पण हे गाणं थकून घरी निघालेल्या माणसाचं आहे, आणि मला पहिल्यांदा तो माणूस थकलेला वाटला. बावीस जण ऐकून झाले होते, हा त्यांच्यापैकी कोणासारखाच नव्हता. मी रडले. सईनं पाहिलं, आणि नवल म्हणजे फोटो काढला नाही.

दिवा मालवू नकोस, इथवर आला आणि दोघांनी एकदम जीभ वाजवली. खट्.

मिलिंद पुढचं कडवं उचलणार, तेवढ्यात नझीरभाईंनी हात वर केला. "थांब. आज ती ओळ माझी हाय."

ते गायले नाहीत. त्यांना सूर कधी नव्हताच. हाक मारतात तसं, आपल्या भाषेत म्हणाले, "येतोय गो मी घरला."

मग मागून, भाकऱ्यांची टोपली झाकता झाकता, रुकय्याभाभींचा आवाज आला, "या की मग. आधी ती खोकी बांधा."

परत येताना मिलिंदनं गाणी लावलीच नाहीत. घाट चढून ताईफ ओलांडल्यावर सई म्हणाली, "बाबा, वो सॅक्सोफोनवाला लगाओ ना." तेवढं एक लावलं.

रियाधला येऊन महिना झाला. गाडीच्या डिकीतली वाळू अजून निघतेच आहे, स्पीकर माळ्यावर गेलाय. गेल्या आठवड्यात कोकणातून नझीरभाईंचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नुसता काळोख.

"मिल्या, पोचलो बरं का. पन लाईट गेलीय सकाळधरनं! दारात दिवा कसला लावतोस, इन्व्हर्टर घ्यायला पायजे!"

अंधारात मागे भाभी हसत होत्या, कोंबड्यांचा आवाज येत होता. मिलिंद त्या काळ्या पडद्याकडे बघून हसत बसला.

काल संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि बाथरूममधून गाणं ऐकू आलं. खालच्या पट्टीत, घोगरं. माझं लाटणं आपोआप थांबलं. दिवा मालवू नकोस. खट्. मग थेट पुढचं कडवं.

मधली ओळ त्यानं म्हटली नाही, मीही म्हटली नाही. कायमचं घरी परतायची आमची पाळी अजून यायची आहे. मी दार वाजवून ओरडले, "गाणं चालू दे, पण आधी शॉवर बंद कर, टाकी संपेल!"