सर्वानुमते ठरलेलं माप

उदगीरच्या मन्मथअप्पांच्या दुकानात ठिबकचं सामान मिळतं. नळी एका कंपनीची अन् जोड दुसरीचा असला, की पाणी सोडताच तो निसटलाच म्हणून समजा. मग चिखलाच्या पायांनी गिऱ्हाईक येतं आणि कंपनीच्या वाट्याच्या शिव्या अप्पा खातात. सगळ्यांनी मिळून एकच माप ठरवा, असं अप्पा भेटेल त्याला सांगत. शेवटी लातूरच्या कारखानदार संघानं त्यांना दुकानदारांच्या वतीनं माप ठरवायच्या समितीवर घेतलं, तेव्हा त्यांच्या पत्नी कमलम्मांनी गव्हाच्या गोड खिरीची, हुग्गीची, पातेली गल्लीत वाटली होती.

आज शेवटची बैठक, औसा रोडवरच्या हॉटेलात. अप्पा जुन्या नळ्यांचे तुकडे पिशवीत घालून आलेले. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, सत्कार, सत्काराला उत्तर. बोटाएवढ्या जोडासाठी शालींचा ढीग. जेवणाचा वास सुटल्यावर कुठं अध्यक्ष शिवशंकर यांनी माप वाचलं. ते त्यांच्याच कारखान्याच्या साच्याचं होतं.

"मंजूर, मंजूर," मागून मोबाईलमधली मान वर न करताच आवाज आले.

अप्पा उठले. "मला मंजूर न्हाई. रानात पसरलेल्या जुन्या नळ्यांना हे जोड बसवून बघितले का कुणी? मसुदा गावोगावी पाठवा, हरकती मागवा. एक हंगाम वापरून बघू, मग ठरवू."

"हरकती मागवल्या की येतात, अप्पा," शिवशंकर हसले. "म्हणून तर मागवत न्हाई. थांबा, तुमचा सत्कार राहिलाय."

अप्पांनी हात आडवा केला, तरी शाल खांद्यावर पडली अन् फोटोही निघाला. घासात केस लागावा तसं त्यांना झालं. शाल खुर्चीवर टाकून ते सचिव रुद्रेशकडे गेले. "इतिवृत्तात माझा विरोध लिही."

"कुठं लिहू, अप्पा? सर्वानुमते म्हणून कालच छापून आणलंय. फक्त तुमची सही राहिली."

"बैठक आज, अन् छापलं काल?"

"आज घाई झाली असती ना."

अप्पांनी पेन घेतलं. 'सर्वानुमते' शब्द खोडला, वर 'मन्मथ सोडून' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"आता परत छापावं लागंल की," रुद्रेश कुरकुरला.

"छापा. पण सहीला उदगीरला या. येताना तुमचे जोड आणा. नळ्या हाईत माझ्याकडं, पाणी मी सोडतो."

जेवणाची रांग दारापर्यंत आली होती. ताटं चुकवत अप्पा न जेवताच बाहेर पडले.