कमरेला बांधलेला बटवा

बटवा ओढला गेला तशी मीही ओढली गेले आणि खजुराच्या टोपल्यांवर आदळले. त्या चोराला ठाऊक नव्हतं की आम्ही कोळणी बटव्याची दोरी कमरेला गाठ मारून बांधतो, कारण बाजारात आमचे दोन्ही हात मासळीत असतात. अबुधाबीजवळचं ते शेतीचं प्रदर्शन. एसीच्या तंबूत माणसाला माणूस चिकटलेलं, आणि पिकल्या खजुराचा वास नाकात बसलेला. बटव्यात माझा पासपोर्ट होता आणि दोन दिवसांनी माझं विमान होतं. इस्त्रीच्या शर्टातला तो चाळिशीचा बाप्या बटवा धरून हिसके देतच होता. मी त्याचं मनगट पकडलं. जन्मभर सुरमई कापलेला हात आहे हा. तिथेच नोकरीला असलेला माझा मुलगा शेजारी होता, तो घाबरला. "आई, सोड त्याला! पोलिसांत नाव गेलं तर माझा व्हिसा अडकेल." मी म्हटलं, "तुझा व्हिसा तू बघ, माझा पासपोर्ट मी बघते." तेवढ्यात गार्ड धावत आला. "खलास, बस करो, अम्मा! छोडो, हाथ टूट जाएगा उसका." "पहले वो छोडेगा," मी म्हटलं. चोराने बटवा सोडला, मग मी मनगट सोडलं, आणि गार्डने त्याची कॉलर धरली. माझ्या कमरेवर दोरीचा वळ पुढे आठवडाभर होता. आज मुलाने पाठवलेला खजुराचा डबा उघडला आणि तोच वास आला. तेव्हा अडुसष्ट वर्षांची, चौथी शिकलेली बाई होते मी, आणि ठरल्या दिवशी, ठरल्या विमानाने घरी आले.