उतारावर थांबवलेलं पाणी

समोरच्या बंगल्याच्या उतरत्या छपरावर मी आखून दिलेली हिरवळ आता चांगली धरली आहे. माती घसरू नये, पाणी लगेच वाहून जाऊ नये, म्हणून तिच्याखाली आडव्या पट्ट्या मारल्या आहेत. कोकणातलं घर बंद करून मी आईला इकडे आणलं, तेव्हापासून ती खिडकीतून तिकडेच बघत असते.

"छपरावरचं गवत काढत नाहीत का रे? घरात कोणी राहत नाही वाटतं."

"मुद्दाम लावलंय, आई. पाणी धरून ठेवतं ते."

"किती दिवस?"

मी समोरच्या छपराकडे पाहिलं. उतारावर थांबणं पाण्याच्या स्वभावातच नसतं. पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी पन्हळीतून एकेक थेंब सुटत होता.

"आपल्या कौलांवरही यंदा असंच उगवलं असेल," आई म्हणाली आणि खिडकीचा गज धरून बसली.