तिच्या रॅमचे प्रोफाइल

लेखन हा माझा प्रांत नव्हे, हे आधीच मान्य करते आणि वाचकांची क्षमा मागते. आयुष्यभर मी इतरांच्या घरांचे नकाशे काढले. स्वतःविषयी लिहिण्याचा प्रसंग साठी उलटल्यावर आला, तोही एका अपराधामुळे. तो इतका तांत्रिक आणि इतका लहान आहे की कोणाला सांगितला तर हसू यावे. मला मात्र अजून हसता आलेले नाही.

गारखेड्यातल्या एका वास्तुविशारदाच्या, आमच्या सरांच्या, कार्यालयात मी आरेखक होते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य आणि कारकुनी; सुबक अक्षर ही आमच्याकडे चारित्र्याची खूण समजली जाई. ट्रेसिंग कागदावरच्या माझ्या अक्षरांचे कौतुक होत असे. कार्यालयात संगणक आले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. तरी मी शिकवणी लावली, वहीत टिपणे काढली आणि शिकले. माझ्यापुरती मी समाधानी होते, ती येईपर्यंत.

ती गंगापूरकडची, तिशीतली. तिचे वडील त्या वर्षीच्या दुष्काळातही मेंढरे घेऊन चाऱ्यामागे हिंडत होते, आणि ही मुलगी पदविका घेऊन आमच्यात आली होती. तयार संगणक नको, सुटे भाग आणून द्या, असे तिने सरांना सांगितले आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून सारा संगणक स्वतः जोडला. मी समोर बसून पाहत होते. मेंढपाळाच्या मुलीला हे जमावे आणि मला प्रिंटरची तारही विचारून लावावी लागावी, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला. तो लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही.

तिचा संगणक माझ्या संगणकापेक्षा वेगवान होता. एकदा न राहवून मी कारण विचारले. संगणक सुरू होताना एक कळ दाबून तिने मदरबोर्डाचा, म्हणजे सारे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीचा, सेटिंगचा पडदा उघडला आणि म्हणाली, “ताई, रॅमची, म्हंजे चालू कामाच्या मेमरीची, पट्टी आपण घेतो जास्त वेगाची, पण मशीन तिला सावकाशच पळवतं. तिचा खरा वेग पट्टीतच लिहून ठिवलेला असतोय, त्याला प्रोफाइल म्हणतेत. ते इथं चालू करायचं, बस. नवीन पट्टी आणून तुमच्याला बी करून देऊ का?”

मी म्हटले, माझे काम चांगले चालले आहे. ते खोटे होते.

त्या उन्हाळ्यात शहरात पाणी नव्हते आणि शहर वाढायचे थांबतही नव्हते. चिकलठाण्याला एक मोठी वसाहत होणार होती आणि तिची रंगीत चित्रे काढायचे काम आमच्याकडे आले होते. संगणकाने प्रकाश, सावली, भिंतींचा पोत असे सारे हिशेबाने रंगवायचे. एकेका चित्राला कितीतरी तास लागत. सरांनी ते काम तिला दिले. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘आरेखन’ या शब्दापुढे तिचे नाव येणार होते. इतकी वर्षे तिथे सरांचेच नाव येई; दुसऱ्या कोणाचे यायचे झाले तर ते माझे असेल, असे मी धरून चालले होते. सर म्हणाले, “तुम्ही तिला सांभाळून घ्या.” मी मान डोलावली, आणि त्या रात्री जेवले नाही.

आमच्या इमारतीत आठवड्यातून तीन ठरलेल्या वारी टँकर येई. तेव्हा एकेकाने खाली जाऊन घागरी भरून आणायच्या, असे वार लावले होते. ते पाणी पिण्यालाच जेमतेम पुरे. कूलर कोरडाच फिरे आणि गरम वारा फेकत राही. गुरुवार माझा होता. त्या गुरुवारी दुपारी वीज गेली आणि तेवढ्यात टँकर आला. मी उठू लागले तर ती म्हणाली, “बसा ताई, तुमचे गुडघे दुखतेत. तुमचा वार माझ्याकडं.” ती माझ्या घागरी घेऊन जिना उतरली आणि वीज आली.

वीज आली की जागेवर जो असेल त्याने सर्वांचे संगणक सुरू करून ठेवायचे, असा आमचा रिवाज होता. मी माझा सुरू केला आणि मग तिचा. तीच कळ दाबली. तोच पडदा उघडला. प्रोफाइल बंद केले, बदल जतन केला आणि जागेवर येऊन बसले. चित्रे रखडतील, शनिवारची मुदत चुकेल आणि सरांना माझी आठवण येईल, एवढेच माझ्या मनात होते. ती माझे पाणी घेऊन वर आली, तेव्हा तिचा पदर खांद्यापर्यंत भिजला होता. मी पाणी प्यायले.

चित्रे रखडली नाहीत. शनिवारी संध्याकाळी सगळी तयार झाली. सर घरी गेल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन बसली.

“तुम्हाला म्हणून सांगते ताई, सरांच्या कानावर घालू नका. आठ दिवस झाले, दुपारच्या उन्हात मशीन मधीच बंद पडून पुन्हा चालू व्हायचं. चित्र पुन्हा पहिल्यापासून. सकाळी सातला येऊन मी ते भरून काढायची. गुरुवारी ठरवलं होतं, आज पडलं तर सरांना सांगायचं, माझ्याच्यानं होत नाय, ताईंचं नाव टाका. आन् त्याच दिवसापासून एकदाबी नाय पडलं.”



पुढे मी पुस्तके मागवली. रात्रीचा दिवस केला नाही, पण वर्षभर थोडे थोडे वाचत राहिले. रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग हल्ली सारे हिशेब करणाऱ्या प्रोसेसरच्या आतच असतो. प्रोफाइल चालू केले की रॅमबरोबर त्यालाही धावावे लागते, आणि ते झेपावे म्हणून मदरबोर्ड त्याचे व्होल्टेज वाढवतो; मग प्रोसेसर अधिक तापतो. काही मदरबोर्ड तर कोणी न सांगता प्रोसेसरचा वेगही चढवून ठेवतात. थंड खोलीत हे खपून जाते. मे महिन्यात, कोरड्या कूलरसमोर, तासन्‌तास रंगकामाला जुंपलेल्या प्रोसेसरला ते सोसत नव्हते. मी प्रोफाइल बंद केले आणि तो शांत झाला. वेग गेला तो थोडासाच, कारण असे काम रॅमपेक्षा प्रोसेसरवरच अधिक अवलंबून असते. मी हात लावला नसता तर त्याच दिवशी ते काम माझ्याकडे आले असते.

प्रोफाइल बंद असल्याचे तिला काही दिवसांनी दिसलेच. लागोपाठ बंद पडल्यावर काही मदरबोर्ड आपण होऊन मूळ वेगावर येतात, तसेच झाले असेल, असे तिने मानले. आता जालना रोडला तिचे स्वतःचे कार्यालय आहे. नव्या मुलामुलींना ती ही गोष्ट सांगते आणि म्हणते, “माझा मदरबोर्ड माझ्यापेक्षा शहाणा निघाला.” मागच्या दिवाळीत मी तिच्याकडे फराळाला गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच तिने ती सांगितली आणि सगळे हसले. मला त्या मदरबोर्डाचाही हेवा वाटला.

तिथेच मी बोलणार होते. शब्द ओठांवर आले होते. मग लक्षात आले की मला क्षमा मागायची होती, तितकेच तिला हेही कळायला हवे होते की चौकटीतले तिचे ते पहिले नाव माझ्यामुळे टिकले. हे दोन हेतू मला अजून वेगळे करता आलेले नाहीत, आणि ती तर येत्या रविवारी मला भेटायला घरी येणार आहे.

तिला हे मी सांगू का?