बाईंनी न मागितलेला जबाब

रझियाबाईंची आणि माझी पहिली ओळख एका शून्याने झाली. बारावीच्या सराव परीक्षेत कवितेवरच्या प्रश्नाला त्यांनी मला पाचपैकी शून्य दिलं. मी निलंग्याकडच्या खेड्यातून क्लाससाठी लातूरला आलेली, हमालाची मुलगी. मराठीच्या तासाला आम्ही बाकाखाली भौतिकशास्त्राची गणितं सोडवत असू. उत्तर क्लासच्या नोट्समधून पाठ केलेलं होतं: ‘या कवितेतून पतीचे पत्नीवरील निस्सीम प्रेम दिसते.’ अख्ख्या वर्गाने तेच लिहिलं होतं.

कविता भूकंपाच्या सकाळची होती. तिच्यात एकच माणूस बोलतो. ढिगारा उपसणाऱ्या जवानांना तो मेलेल्या बायकोबद्दल सांगतो: ती सगळ्यांशी हसून बोलायची, बांगड्या भरणाऱ्याशीसुद्धा, मला तिची फार काळजी, म्हणून मी अंगणात झोपायचो आणि दाराला बाहेरून कडी घालायचो.

बाईंनी मला उभं केलं.

“कडी कुठून होती गं?”

“बाहेरून.”

“मग तिनं निघायचं कुठून?”

भूकंपानंतर बाई पडलेल्या गावांत महिनाभर पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, “एकटाच माणूस बोलत असला की तो काय सांगायचं टाळतोय ते बघा. ह्याला बायको गेल्याचं दुःख कमी आहे. ती कुणाकुणाशी हसली, ते मात्र अजून पाठ आहे.”

माझा साखरपुडा झाला होता. मुलगा रोज घरमालकिणीच्या फोनवर विचारायचा, आज कोणाशी बोललीस, शेजारी कोण बसलं होतं. बारावीनंतर शिक्षण बंद, हेही त्यानेच ठरवलं होतं. मैत्रिणी मला नशीबवान म्हणायच्या आणि मला ते खरं वाटायचं.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्या रविवारी एसटीने आमच्या घरी आल्या.

बाबा म्हणाले, “पोरगं काळजी करतंय, बाई. त्यात वाईट काय हाय?”

“दादा, काळजी करणारा विचारतो, पोचलीस का. हा विचारतो, कोणाशी बोललीस. पण मी कोण ठरवणारी? लेकीला विचारा.”

बाबांनी विचारलं. जन्मात पहिल्यांदा. मी म्हणाले, “मला हे लग्न न्हाई करायचं.”

मुलाकडच्यांनी कॉलेजात तक्रार केली, की बाईंनी मुलीचे कान भरले, त्या मुसलमान, त्यांना आमच्या घरात काय करायचंय. प्राचार्यांनी मला लेखी जबाब मागितला. बाबा म्हणाले, “नको लिहू. बदनामी आपलीच व्हईल.” मी लिहिलं नाही. बाईंचे बारावीचे तास काढून घेतले आणि त्यांना ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं. मुलं बाईंकडेच सल्ला विचारायला येत, हे ज्यांना आधीपासून खुपत होतं, ते सहकारी स्टाफरूममध्ये म्हणाले, “बाई, आता तास नाहीत, तर लग्नंच मोडत बसा.”

बाई तीन वर्षं त्या कोपऱ्यात बसल्या. त्याच टेबलावर त्यांनी माझा पदवीचा प्रवेशअर्ज माझ्याकडून भरून घेतला. जबाबाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं. आमच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून कॉलेजात माझा सत्कार झाला, तेव्हा त्या मागच्या रांगेत होत्या आणि व्यासपीठावर प्राचार्य.

बाईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात त्याच सहकाऱ्यांनी बाईंच्या स्पष्टवक्तेपणाचं कौतुक केलं आहे. ते मी वाचलं. कवितेतल्या माणसासारखे तेही एक गोष्ट सांगायचं टाळतात. मीही इतकी वर्षं टाळलीच. म्हणून इथे लिहून देते: ते लग्न मी मोडलं. बाईंनी फक्त बाबांना मला विचारायला लावलं.

बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो. आमच्या भित्रेपणाने घेतलेली तीन वर्षं त्यात परत येणार नाहीत, हे मला माहीत आहे.